पुलापलीकडची यादी

माझ्या शिलाई मशीनसमोरच्या खिडकीतून विद्यापीठाचं घड्याळ दिसतं. पूल ओलांडला की वीस मिनिटांत फाटक. पण पुलाच्या मध्यावर राज्य बदलतं, आणि विद्यापीठ त्या राज्याचं. शंभर जागांतल्या नव्वद त्यांच्या मुलांना, दहा बाहेरच्यांना. आम्ही बाहेरचे.

माझी थोरली बहीण त्याच राज्यात, पण पार दुसऱ्या टोकाला दिलेली. नऊ तासांचा प्रवास. तिच्या मुलाला, आमच्या लंबूला, एक्क्याऐंशी टक्के, माझ्या लेकीला त्र्याण्णव. लंबूचं नाव पहिल्याच यादीत, माझी लेक बाहेरच्यांच्या प्रतीक्षायादीत पहिली. "पहिली आहे ना गं, मग काळजी कसली!" ताई फोनवर म्हणाली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खरं सांगते, ताईचा हेवा मला लहानपणापासूनचा. नवे कपडे तिला, तिचे उतरलेले मला. आता कुठे लेकीनं मला तिच्यापुढे नेलं होतं, तर मध्ये ही नदी आली.

त्यात कागदपत्रं दाखवायला लंबू आमच्याकडेच उतरला. सोबत ताईनं कापड दिलेलं. "कॉलेजसाठी दोन शर्ट शिव, तुझ्यासारखा हात कुणाचा नाही." वाढत्या पोराच्या बाहीला आत दोन बोटं कापड ठेवायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी ठेवलं नाही. आखूड होऊ देत, म्हटलं, वर्षभरात.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सकाळी तो नवा शर्ट घालून उभा राहिला. लेक अंघोळीला गेली होती.

"मावशी, हिचा नंबर लागेल ना गं?"

"कसा लागेल? तिच्या जागेवर तू बसलायस ना!"

तो फाइल काखेत मारून गेला. मला बरं वाटलं, अगदी गार गार वाटलं.

संध्याकाळी साडेपाचला परतला तो हसतच. "मावशी, जागा सोडली मी. सही करून आलो. आता हिला मिळेल."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. लेक मोबाइल टाकून उठली.

"वेडा आहेस का तू? याद्या दोन आहेत! तुझी जागा तुमच्याच यादीतल्या पुढच्याला गेली. आमची यादी पाचला बंद झाली. एक नावसुद्धा हललं नाही."

"मग मी उद्या जाऊन परत मागतो."

"सोडलेली परत देत नाहीत रे. सही करतोस त्याच कागदावर लिहिलंय."

लंबूचा चेहरा उतरला. "तुला कोणी सांगितलं असलं काही?" लेकीनं विचारलं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कोणी नाही. मलाच वाटलं."

मला माहीत होतं. दोन याद्यांचा तो नियम तीन आठवडे मीच लेकीकडून वाचून घेत होते, पाठ झाला होता. सकाळी मला फक्त त्याला टोचायचं होतं. पोर ते खरं धरून चालेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तेवढ्यात ताईचा फोन.

"झालं का गं त्याचं? आता तुझ्या लेकीचंही होऊ दे, मी रोज तेच मागते. दोघं जोडीनं जातील. आणि ऐक, पोरगं ताडासारखं वाढतंय, बाह्यांत कापड ठेवलंयस ना?"

लंबू भिंतीला टेकून उभा होता. नव्या शर्टाची बाही बरोबर मनगटावर आली होती, एक दोराही जास्त नाही.

"ताई," मी म्हणाले, आणि पुढचं सांगायला मला तोंड राहिलं नव्हतं.