मैदानातलं इंग्रजी

१९७४ साली सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत प्रभाबाई आठवीला इंग्रजी शिकवायच्या. मुली शनिवारी दहा शब्द स्पेलिंगसकट घोकायच्या आणि सोमवारी विसरून यायच्या. मैंदर्गीहून मावशीकडे शिकायला आलेली सिद्धम्मा तर तोंडच उघडत नसे. घरी कन्नड, शाळेत मराठी. त्यात हे तिसरं.

बाई लेडीज सायकलीवरून यायच्या. मधल्या सुट्टीत मुली सायकलीभोवती घुटमळत, एखादी हळूच घंटी वाजवून पळे. एका शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंनी सायकल मैदानात आणली.

"शिकवते. पण हितं मराठी बंद. मागून कॅरिअर धरेल तिनं इंग्रजीत सांगायचं, चालवणारीनं ऐकायचं."

व्हरांड्याच्या भिंतीवर त्यांनी खडूनं सहा शब्द लिहिले. पुश, स्टॉप, लेफ्ट, राइट, स्लो, टर्न.

वर्गातल्या केराचा नंबर आला. ती अंगानं दांडगी, त्यामुळं मागं धरायला कुणी तयार होईना. बाईंनी सिद्धम्माला पुढं केलं.

"बाई, मला येत न्हाय की."

"धरता येतं ना? मग धर."

केरा निघाली. सिद्धम्मा मागं मुकाट पळत होती. सायकल नळाखालच्या चिखलाकडं वळली, तशी ती किंचाळली, "लेफ्ट! केरा, लेफ्ट!"

केरानं हँडल उजवीकडं फिरवलं. दोघी चिखलात बसल्या.

सिद्धम्मानं तिचा डावा हात धरून गदागदा हलवला. "हा लेफ्ट! हा!"

तिचा एवढा आवाज वर्गानं कधी ऐकला नव्हता. केरा तर हसून हसून उठेचना.

सोमवारी मळका परकर पिशवीत घालून मावशी पार्वतम्मा शाळेत हजर.

"पोरगी इंग्रजीला घातलीया बाई, सायकलीला न्हाय."

बाईंनी सिद्धम्माला बोलावलं. "मावशींना दाखव काय शिकलीस ते."

सिद्धम्मा लाजली. मग मावशीचा दंड धरून तिला व्हरांड्यातून चालवू लागली. "स्लो. टर्न राइट. स्टॉप!"

पार्वतम्मा थांबली. तिला हसू आवरेना.

"घरात दिवसाला दोन शब्द बोलत न्हाय ही. आन् हितं मला हाकतीया!" परकर बाईंसमोर झटकून ती म्हणाली, "शनवारी जुनाच घालून धाडते. लई मळतोय हो."

त्या शनिवारी सिद्धम्मा सीटवर बसली. मागं केरा होती आणि तिला येणारे साती शब्द ती एकदमच ओरडत होती. सातवा होता 'सॉरी'. तो तिचा तिनंच शोधला होता.