काचेतली खुर्ची

दुकानाचं शटर वर गेलं की आधी पुतळ्या सजायच्या. त्या दिवशी काचेतल्या पुतळीला गरोदर बायकांचा नवा झगा चढवला होता, पोटाशी उशी बांधली होती आणि मालकांनी तिच्यासाठी घरून गादीची खुर्ची आणवली होती. "अशा दिवसांत बाई बसलेलीच शोभते," ते म्हणाले.

मोठ्या बाईंनी मान डोलावली. त्यांची उभी हयात या दुकानात गेली होती. विक्री करणाऱ्या मुलींनी बसायचं नाही, बसलेली बाई आळशी दिसते, असा मालकांच्या वडिलांपासूनचा नियम. तो नव्या पोरींच्या गळी उतरवायचं काम मोठ्या बाई इमानेइतबारे करत. त्यांची सूनही इथेच, लहान मुलांच्या कपड्यांपाशी उभी असे. तिला सहावा महिना होता.

"पुतळी नशीब काढून आली हो," सून हसत म्हणाली. "मलाच बसवा ना काचेत."

"जिभेला हाड नाही तुझ्या," मोठ्या बाई म्हणाल्या, पण त्यांनाही हसू फुटलं.

दुपारी सून जागेवर दिसेना. कपडे घालून बघायच्या खोलीत, पडद्याआड ती स्टुलावर बसली होती. चेहरा पांढराफटक.

"उठ."

"आई, सकाळपासून ओटीपोटात दुखतंय. जरा बसू द्या."

"दुकानात मी आई नाही. घरच्या सुनेला सूट दिली तर बाकीच्या पोरी माझ्या तोंडात शेण घालतील. तेवढी संध्याकाळ काढ. आम्हीही उभ्यानेच दिवस काढले."

सून भिंतीला धरून उठली.

वरच्या फळीवरचं झबल्यांचं खोकं काढताना ती मटकन खाली बसली. या वेळी तिला कोणी उठ म्हणालं नाही.

"सकाळपासून दुखत होतं, मग थांबलात कशाला?" इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "वेळेवर आणलं असतं तर काही आशा होती."

मुलगी होती. सुनेने डोळे मिटून घेतले, सासूचं नाव काही घेतलं नाही. त्यानेच मोठ्या बाईंच्या काळजाला घरं पडली. त्यांचंही पहिलं मूल असंच गेलं होतं. तेव्हा सगळे नशीब म्हणाले, त्याही म्हणाल्या. नशीब कसलं! एक स्टूल मिळालं नव्हतं, आणि मागायची हिंमत झाली नव्हती.

त्या कामावर परतल्या तेव्हा मालक म्हणाले, "सून कधी येतेय? खोळंबा होतोय."

मोठ्या बाई थेट काचेत शिरल्या. पुतळी उचलून जमिनीवर ठेवली, खुर्ची झबल्यांपाशी आणली आणि तिच्यात बसल्या.

"उठा! गिऱ्हाईक बघतंय!"

"बघू दे. हवं तर कामावरून काढा. पण यापुढे इथल्या पोरींना उठ म्हणायचं असेल तर तुमचं तुम्ही म्हणा. मी म्हटलं आणि माझी नात गेली."

पलीकडे मोज्यांपाशी उभ्या पोरीचे पाय सुजलेले त्यांना दिसले. त्यांनी उठून खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस गं बाळा."

पोरगी मालकांकडे बघत राहिली, जागची हलली नाही. उभं राहायला तिला मोठ्या बाईंनीच शिकवलं होतं. त्या खुर्चीची पाठ धरून थांबल्या. ती बसल्याशिवाय त्या तिथून हलणार नव्हत्या.