पूजा झालेल्या कचरापेट्या

दसऱ्याची सुट्टी बायकोच्या माहेरी काढून विरूपाक्ष अंगडी सोमवारी विद्यापीठात परतले, तेव्हा आवार इतकं स्वच्छ होतं की आपण भलत्याच थांब्यावर उतरलो की काय, असं त्यांना वाटलं. ग्रंथालयासमोर एक कागद नव्हता. कॅन्टीनच्या पायऱ्यांवर एक कप नव्हता. भूगोलाचे प्राध्यापक आणि त्याखेरीज विद्यापीठाचे हरित परिसर अधिकारी असलेल्या माणसाला हे बघून आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. ग्रंथालयाशेजारच्या पाच कचरापेट्यांची झाकणं उघडून पाहीपर्यंत तो टिकला.

पाचही पेट्या रिकाम्या होत्या. नुसत्या रिकाम्या नव्हेत, धुऊन पुसून कोरड्या केलेल्या. प्रत्येकीच्या कपाळी, म्हणजे झाकणाच्या खाली जिथे कपाळ असावं असं वाटतं तिथे, विभूतीचे तीन आडवे पट्टे आणि मधोमध कुंकू होतं. शेवंतीच्या माळा सुकून लोंबत होत्या. पहिल्या पेटीला आणि पाचव्या पेटीला केळीचे खुंट बांधले होते.

अंगडी जीवशास्त्र विभागापाशी गेले. तिथेही तेच. मुलींच्या वसतिगृहापाशीही तेच.

हरित परिसर अधिकारी हे पद त्यांनी मागितलं नव्हतं. ते ज्या बैठकीत दिलं गेलं तिला ते गैरहजर होते, आणि त्यामुळेच ते त्यांना मिळालं. पद मिळाल्यावर या पाच पाच पेट्या आल्या. हिरवी ओल्या कचऱ्याची, निळी कागदाची, पांढरी प्लास्टिकची, लाल काचेची आणि पत्र्याची. काळी कशाची, हे पत्रकात दिलं नव्हतं. मुलांनी ठरवून टाकलं की ज्याचं काय करायचं ते कळत नाही ते काळीत. मुलं हुशार होती. चार महिन्यांत सगळं आवार कचरा वेगळा करायला शिकलं. आता गुरुवारी बंगळूरहून समिती येणार होती, मानांकन द्यायला.

अंगडींना मानांकनाचं काही नव्हतं. त्यांना नकाशाघराचं होतं.

भूगोल विभागाच्या टोकाला एक लांबलचक खोली होती. तिच्यात जमिनीवर कृष्णेचं सगळं खोरं होतं, मातीचं आणि प्लास्टरचं, महाबळेश्वरापासून समुद्रापर्यंत. अंगडींनी ते तरुणपणी सुरू केलं आणि विद्यार्थ्यांच्या कितीएक तुकड्यांनी त्यात डोंगर घातले, धरणं बांधली. झारीने महाबळेश्वरावर पाणी घातलं की ते साताऱ्याकडून सांगलीकडे जायचं, घटप्रभेला घेऊन अलमट्टीत थांबायचं, पुढे मलप्रभेला सोबत घ्यायचं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात, म्हणजे खोलीच्या मोरीत, पडायचं. दर वर्षी कोणीतरी पोरगी ते बघून म्हणायची, "अय्या, आमचं गाव." आपण आयुष्यभर काय केलं असं कोणी विचारलं तर अंगडी त्या खोलीकडे बोट दाखवणार होते.

कुलगुरू देसूर यांनी जूनमध्येच सांगून ठेवलं होतं. "अंगडी, कचरा एक तर कोपऱ्याकोपऱ्यावर वेगळा होईल, नाहीतर सगळा एका जागी आणून वेगळा करावा लागेल. त्या जागेला मोठी खोली लागेल, फरशीला मोरी लागेल. अशी खोली आपल्याकडे एकच आहे. समितीला पेट्या भरलेल्या दाखवा, खोली तुमची."

आणि पेट्या रिकाम्या होत्या.

विभागाचा शिपाई फकीरप्पा व्हरांड्यात बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन उभा होता. पानं देऊन, पायाला हात लावून तो म्हणाला, "बन्नी घ्या सर, सोन्यासारखं राहू या."

"राहू. फकीरप्पा, पेट्यांना हे काय केलंस?"

"पूजा केली की सर. आयुधपूजेला बसची केली, कंप्युटरची केली, गवत कापायच्या यंत्राची केली. प्राणिशास्त्रातल्या सांगाड्यालासुद्धा मुलांनी हळदकुंकू लावलं. पेट्यांनी काय घोडं मारलंय? त्याही कामाच्याच."

"बरोबर आहे. पण आता त्यांच्यात कोणी कचरा टाकत नाही."

फकीरप्पाने त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिलं. "पूजा केलेल्या वस्तूत कचरा कसा टाकणार, सर?"

"अरे, बसची पूजा झाली तरी बसमध्ये आपण बसतोच ना?"

"बसतो. आपण कचरा आहोत का?"

अंगडींनी बन्नीची पानं खिशात ठेवली. मग त्यांनी विचारलं, "मग कचरा जातो कुठे?"

"माझा होतच नाही. मी डबा आणतो, चहा पेल्यात पितो." एवढं बोलून फकीरप्पाला साहेबांच्या खुर्चीवरची धूळ आठवली आणि तो आत गेला.

अंगडी कॅन्टीनच्या शेट्टरांकडे गेले. गल्ल्यावर हात ठेवून शेट्टर म्हणाले, "कपांचं मला विचारू नका सर. पोरं चहा पितात आणि कप हातात घेऊन जातात. कुठे जातात ते मी बघत नाही. माझ्या पायरीवर नाहीत ना, मग माझं झालं. चुरमुऱ्यांचं गिरमिट देऊ?"

"नको. एक पोतं रिकामे कप मिळतील?"

"वापरलेले?"

"वापरलेलेच."

शेट्टरांनी गिरमिटाचा डाव खाली ठेवला. "सर, तब्येत बरी आहे ना? सासुरवाडीला काय खाल्लंत?"

शेवटी पूजा उतरवायचा काही विधी असेल म्हणून अंगडी संस्कृतच्या प्राध्यापक जोयिसांकडे गेले. जोयिस केळं खात होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "मूर्तीला विसर्जन असतं. आयुधाला नसतं. लेखणीची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी तिने लिहायचं. नांगराची झाली की नांगरायचं."

"म्हणजे पेटीची झाली की तिच्यात कचरा टाकायचा."

जोयिसांनी डोळे मिटून विचार केला. "तर्क निर्दोष आहे."

"मग ती साल तुम्ही टाका. समोरच हिरवी पेटी आहे. तुम्ही टाकलीत तर सगळे टाकतील."

जोयिसांनी सालीकडे पाहिलं, खिडकीतून पेटीकडे पाहिलं. मग खिशातला हातरुमाल काढून साल नीट गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. "तर्क माझा, अंगडी. हात दुसऱ्या कोणाचा तरी असू द्या. घरात आई आहे माझी."

तेव्हा अंगडींनी स्वतःच टाकायचं ठरवलं. एक फाटलेलं पाकीट घेऊन ते ग्रंथालयापाशी आले, इकडेतिकडे पाहिलं आणि निळ्या पेटीचं झाकण वर केलं. पाकीट पुढे झालं. पण आत न जाता हात झाकणाला लागला आणि परत येताना त्यांच्या दोन्ही डोळ्यांना लागून आला. पाकीट होतं तिथेच बोटांत होतं. हे कोणी केलं, हे त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. मग पाकीट खिशात घातलं.

या दिवसांत ते नकाशाघरात गेले नाहीत. किल्ली सुट्टीतही त्यांच्याच खिशात होती, अजूनही होती. पण निकाल लागेपर्यंत त्या खोलीचं तोंड बघवेना.

गुरुवारी समिती आली. समिती तिघांची होती, पण बोलत होत्या फक्त डॉ. वैजयंती उडुपा. सत्तरीच्या बाई, उंच, खांद्याला कापडी पिशवी. कुलगुरू एका बाजूला, अंगडी दुसऱ्या बाजूला. बाईंच्या हातात शेट्टरांचा चहा होता.

"फार स्वच्छ आहे," ग्रंथालयापाशी थांबून त्या म्हणाल्या. "संशय यावा इतकं."

"सगळं अंगडी सरांचं श्रेय," कुलगुरू म्हणाले. काही बिघडलं तर नाव तयार असावं, म्हणून ते श्रेय आधीच देऊन ठेवत.

बाईंनी चपला काढल्या. अंगडींना आधी कळलंच नाही. मग दिसलं की त्या पेट्यांसमोर उभ्या आहेत आणि त्यांचं लक्ष विभूतीकडे आहे. झाकण उचलून त्यांनी आत पाहिलं, हळूच परत ठेवलं.

"रिकामी आहे."

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्याच, मॅडम."

"मग तुम्ही पुनर्वापराला पाठवता काय?"

कुलगुरूंनी अंगडींकडे पाहिलं. अंगडींनी पेटीकडे पाहिलं. पेटीने, तिच्या परीने, समोर पाहिलं. बाईंचा चहा तेवढ्यात संपला. रिकामा कप हातात धरून, पाच कचरापेट्यांपासून हातभर अंतरावर उभ्या राहून डॉ. उडुपांनी अंगडींना विचारलं, "हा कुठे टाकू हो मी?"

अंगडींना हा प्रश्न वेडगळ वाटायला हवा होता. त्यांना तो फार समजूतदार वाटला. तेही चार दिवस हेच विचारत होते.

वसतिगृहाकडून एक मुलगी येत होती. सावित्री कम्मार, भूगोलाचं दुसरं वर्ष. तिच्याही हातात कप होता, आणि कुठे जायचं ते पक्कं ठाऊक असलेल्या माणसासारखी ती चालली होती.

"अगं ए," बाईंनी हाक मारली. "तुम्ही कप कुठे टाकता?"

सावित्रीने अंगडींना पाहिलं आणि कप पाठीमागे धरला. "भूगोलाच्या मागे, मॅडम."

"मागे म्हणजे?"

"तिसऱ्या खिडकीत." मग सरांचं नाव खाली जाऊ नये म्हणून ती भराभर म्हणाली, "आम्ही सगळं वेगळं वेगळंच टाकतो मॅडम, सरांनी शिकवलंय. पहिल्या खिडकीत कागद, दुसरीत बाटल्या. कपाला आतून प्लास्टिक असतं, म्हणून त्याला तिसरी. चौथीत काच-पत्रा. आणि पाचवीत ते, कशाचं काय करायचं कळत नाही ते."

"आणि ओलं?"

"ओलं शेट्टरांच्या म्हशीला."

"पण तिथेच का, गं?"

"सगळीकडे पूजा झाली होती, मॅडम. तीच एक खोली राहिली. किल्ली सर गावाला घेऊन गेले होते." ती थांबली. "काचा आधीपासूनच फुटलेल्या होत्या, सर. आम्ही नाही फोडल्या."

सगळे भूगोल विभागाकडे निघाले. अंगडींनी किल्ली काढली. दारापाशी फकीरप्पा होता; त्याने ती त्यांच्या हातातून घेतली आणि दार उघडलं.

पहिल्या खिडकीखाली महाबळेश्वर होतं. ते दिसत नव्हतं. गेल्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका साताऱ्यापर्यंत उतरल्या होत्या. सांगलीवर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग होता. अलमट्टीच्या धरणात चहाचे कप काठोकाठ. श्रीशैलम डब्यांखाली गेलं होतं. आणि जिथे नदी समुद्राला मिळते तिथे एक मोडकी छत्री, क्रिकेटचं पॅड, जुन्या बॅटऱ्या आणि कोणाचा तरी एकच बूट, असं ज्याचं काय करायचं ते कोणालाच कळलं नव्हतं ते सगळं, अगदी नीट एका ढिगात होतं.

कुलगुरूंना श्वास घ्यायला जेवढा वेळ लागला तेवढाच बोलायला लागला. "हे, मॅडम, आमचं केंद्रीय वर्गीकरण दालन."

अंगडींना एवढं समजलं की हो म्हटलं तर मानांकन मिळेल आणि खोली जाईल. नाही म्हटलं तर मानांकन जाईल आणि मागोमाग खोलीही जाईल. दोन्ही वाटांचा शेवट एकाच दारात होता. त्यांनी विचार करून पाहिला, पण विचार करणारी जागा रिकामी होती, धुऊन पुसून कोरडी केलेली.

"नाही," ते म्हणाले. "ही कृष्णा आहे."

बाईंनी वळून पाहिलं. "कुठे?"

"खाली. हा सह्याद्री. हे अलमट्टी."

"मग हा कचरा कृष्णेत का आहे?"

अंगडी शिक्षक होते. प्रश्न विचारला की खरं उत्तर द्यायचं, एवढी एकच सवय त्यांना त्या क्षणी उरली होती. "तो शेवटी तिथेच जातो, मॅडम. एरवी मध्ये थोडे दिवस लागतात."

मग बाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी घालतात का यात?"

झारी कोपऱ्यात होती. फकीरप्पाने भरून आणली. अंगडींनी उत्तरपत्रिका जरा बाजूला सारून महाबळेश्वरावर पाणी धरलं. पाणी कागद भिजवत खाली आलं, बाटल्यांमध्ये अडखळलं, सांगली भरली, आसपासची गावं भरली. मग वाट काढून अलमट्टीत शिरलं आणि कप एकमेकांना ढकलत तरंगू लागले. मोरीपर्यंत काही ते पोचलं नाही.

"नेहमी पोचतं," अंगडी म्हणाले. त्यांना फार वाईट वाटत होतं.

डॉ. उडुपांनी हातातला कप आपल्या पिशवीत टाकला आणि काहीतरी लिहायला घेतलं.

पंधरवड्याने अहवाल आला. विद्यापीठाला वरचं मानांकन मिळालं होतं, आणि कारण म्हणून नकाशाघराचं नाव होतं. कुलगुरूंनी अंगडींना बोलावून पेढा दिला. "खोली तुमची. मी तर पहिल्यापासून म्हणत होतो. फक्त समितीने लिहिलंय, प्रात्यक्षिक आहे तसं ठेवावं. पुढच्या वर्षी परत बघायला येणार आहेत."

"आहे तसं म्हणजे? कचऱ्यासकट?"

"कचऱ्यालाच मानांकन आहे, अंगडी. कृष्णा काय, ती सगळ्यांकडेच असते."

अंगडी पेढा हातात घेऊन बाहेर आले. खोली वाचली होती, एवढं नक्की होतं. तिच्यात जे वाचवायचं होतं ते वाचलं की नाही, हे नक्की नव्हतं. फकीरप्पाला विचारावं असं त्यांच्या मनात आलं, पण तो समोरून खराटा घेऊन आला आणि त्यांना बघताच म्हणाला, "सर, तिथे झाडायचं नाही असं वरून सांगितलंय. मी दारापर्यंतच झाडतो."

दुपारी दुसऱ्या वर्षाचा तास होता. मुलं भिंतीला लागून ओळीने उभी राहिली. बहुतेकांची नजर आपापल्या खिडकीखाली होती. अंगडींनी काठी उचलली. पंचवीस वर्षं ते इथे उगमापासून सुरुवात करत आले होते. उगम कुठे होता ते त्यांनी डोळ्यांनी शोधलं, मग तो नाद सोडून काठी बाटल्यांच्या ढिगावर टेकवली.

"याच्या खाली सांगली," ते म्हणाले. "लिहून घ्या. कपांच्या खाली अलमट्टी. सावित्री, मलप्रभा कुठे मिळते?"

सावित्रीने बराच वेळ पाहिलं. "दिसत नाही, सर."

"दिसत नाही ते मलाही माहीत आहे," अंगडी म्हणाले. "कुठे मिळते ते सांग."