फुलबाजारातली तोफ

"चाळीस! चाळीस एक वार! अहो गुच्छवाले, हात वर केलाय तो बोली लावायला की काख वाळवायला? पंचेचाळीस? पंचेचाळीस आले! दोन वार... तीन वार... गेली लिली, घरी गेली!"

टेबलावर फाडकन पंजा आपटला आणि हसण्याचा एकच कल्लोळ उठला. फुलबाजारात लिलाव पुकारायला ती ओट्यावर चढली की कुणाची डुलकी काढायची बिशाद नव्हती. बाजारात माइक होता, पण तिने त्याला कधी हात लावला नव्हता. सगळे तिला तोफ म्हणत. नव्या गिऱ्हाइकाला तीच ठणकावून सांगायची, "नाव कशाला हवंय? तोफ म्हणा, ओ देईन."

त्या दिवशी मात्र तिचं निम्मं लक्ष फाटकाकडे होतं. फाटकाशी तोंड तपासणारी दवाखान्याची गाडी आली होती, आणि तिने मनाशी पक्कं केलं होतं की आज नवऱ्याला तिथे बसवायचंच. नवरा फुलांचा टेम्पो चालवायचा. त्याच्या डाव्या गालात तंबाखू-सुपारीची गोळी कायम मुक्कामाला. अलीकडे त्याला मोठा घास घेता येत नसे, तिखट तर जिभेला लावता येत नसे, हे तिने बरोबर हेरलं होतं.

लिलाव संपताच तिने त्याची कॉलर धरली.

"अगं, गाडीत माल आहे! फुलं कोमेजतील!"

"तुम्ही कोमेजायच्या आत चला."

पुढे टेम्पोवाला, मागे तोफ आणि त्यांच्यामागे टाळ्या पिटणारे हमाल, अशी वरात गाडीपाशी पोचली. आतली डॉक्टरीण तरुण होती, पण दटावण्यात तोफेच्या तोडीची. "तीन बोटं उभी धरून तोंडात घाला," ती म्हणाली. टेम्पोवाल्याची दोन बोटं गेली, तिसरं अडलं. हमालांनी आपापली बोटं घालून पाहायला सुरुवात केली. जो तो दुसऱ्याच्या तोंडात डोकावू लागला.

डॉक्टरीणबाईंनी टेम्पोवाल्याच्या गालात बॅटरी मारली. "आतली कातडी सुपारीने ताठ होत चाललीय. हा पांढरा डाग दिसतोय ना, त्याचा तुकडा तपासायला हवा. वाईटच असेल असं नाही, पण तंबाखू-सुपारी आजपासून बंद. उद्यापासून नव्हे."

"ऐकलंत?" तोफ आनंदाने ओरडली. "मी बोलले की कटकट, डॉक्टर बोलले की सल्ला!"

"आता तुम्ही बसा."

"मी? मी जन्मात सुपारीचं खांड चाखलेलं नाही."

"आलाच आहात तर बघू."

"बघा बापडे! माझं तोंड उघडायचा प्रश्न नाही, ते मिटायचा आहे." तिची तीनही बोटं सहज आत गेली आणि बाहेर जल्लोष झाला. तिने बोटं काढून हात उंचावून दाखवलासुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी कापसाच्या पट्टीने तिची जीभ धरून बाजूला वळवली. दाढेचा एक टवका उडालेला होता आणि नेमका त्याच्यासमोर जिभेच्या कडेला एक व्रण होता. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. तो कडक लागत होता.

"हे कधीपासून?"

"दात लागतो हो. बडबडीची शिक्षा. दोनेक महिने झाले असतील."

"दोन आठवड्यांत न भरणारी जखम दाखवायचीच असते, ताई. याचाही तुकडा काढू."

टेम्पोवाला पुढे सरसावला. "डॉक्टर, तुमची काहीतरी गफलत होतेय. खातो मी. ही नाही."

"बहुतेक वेळा तंबाखू, सुपारी, दारू यांचंच ते देणं असतं," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. "पण कशालाही न शिवलेली माणसंही आमच्याकडे येतात. दात सतत घासल्याचा वाटा असेल, नसेल. आधी तपासू तर."

तपासणीचा निकाल आला. टेम्पोवाल्याचा डाग आज तरी कॅन्सरचा नव्हता. तोफेचा व्रण कॅन्सरचा होता. लहान होता, लवकर सापडला होता, म्हणून ऑपरेशनने बरा होण्याची पुरेपूर आशा होती.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर टेम्पोवाला मटकन खाली बसला. "इतकी वर्षं मी चघळतोय. मला व्हायला हवा होता ना? हा कुठला न्याय?"

नवऱ्याचं पडलेलं तोंड तोफेला बघवेना. "अहो, हा काय लिलाव आहे?" ती म्हणाली. "तुमची बोली जास्त म्हणून माल तुम्हालाच मिळायला? उठा आता. आणि खिशातली ती पुडी आधी टाका, नाहीतर पुढच्या खेपेला खरंच तुमच्या नावावर हातोडा पडेल."

तो हसला आणि तसाच हुंदका देऊन रडला.

ऑपरेशन झालं. जिभेचा एका बाजूचा तुकडा गेला, मानेतल्या गाठी गेल्या, टवका उडालेली दाढही गेली. कित्येक दिवस तोफ पाटीवर लिहून बोलत होती, आणि लिहितानाही भांडत होती. मग शब्द यायला लागले, पण ओल्या कपड्यासारखे, जड, एकमेकांना चिकटलेले. 'र' आणि 'ण' तर रुसूनच बसले.

सराव टेम्पोत चाले. काचा वर करून ती एकेक फूल पुकारायची: गुलाब, शेवंती, जरबेरा. नवऱ्यालाही आखडलेल्या जबड्याचा व्यायाम दिलेला होता. सिग्नलला टेम्पो थांबला की ही ओरडतेय आणि तो आ वासून बसलाय. शेजारच्या गाडीतली माणसं वळून वळून बघायची.

"जल... बेला," ती म्हणायची.

"आ... आं," तो मान डोलवायचा. सुपारी सुटल्यापासून त्याची चिडचिड वाढली होती, पण या सरावाला त्याने एकदाही खाडा केला नाही.

आणि एका सकाळी ती बाजारात आली. बातमी तिच्या आधीच गाळ्यागाळ्यांतून फिरली होती. हमाल हातगाड्या सोडून धावले, कुणी शिट्टी मारली. तिच्या जागी पुकारणारा गृहस्थ ओट्यावरून लगबगीने उतरला आणि त्याने माइक पुढे केला. तिने क्षणभर माइककडे पाहिलं. मग तिने माइक घेतला.

समोर लाल जरबेऱ्याची पेटी होती. शेवंती आधी घ्यावी, सोपी पडेल, असं टेम्पोवाल्याने खालून खुणावलं. तिने पेटीवरचा कागद टरकावला.

"जल्बेला! ताजा, लाल! बोला!"

गुच्छवाला पुढे आला. "पस्तीस."

"चाळीस!" मागून आवाज आला.

"पंचेचाळीस!"

"पन्नास, ताई, इकडे पन्नास!"

तिचे डोळे लकाकले. आवाज घोगरा, फाटका येत होता, पण येत होता, आणि हात पूर्वीसारखेच चारी दिशांना धावत होते. बोलता बोलता ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. तिने कमरेचा रुमाल काढला, सगळ्या बाजारादेखत हनुवटी स्वच्छ पुसली, रुमाल खांद्यावर टाकला आणि गर्दीवर बोट रोखलं.

"पंचावन्न कोन?"