एक प्रश्न जास्त

डॉक्टरीणबाईंनी रबरी वाडग्यात प्लास्टर कालवायला घेतलं आणि नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या खोलीत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. आता वर घरात जाणं शक्य नव्हतं. प्लास्टर एकदा कालवलं की ते कुणाची वाट पाहत नाही. दवाखान्याला सुट्टी होती, म्हणूनच तर हे काम काढलं होतं: नवऱ्याच्या दातांचा साचा भरायचा आणि त्यावरून झोपेत दातांवर बसवायची नवी पट्टी बनवायची. पहिली पट्टी त्याने चावून चावून आरपार केली होती. दुसरीलाही भोक पडलं होतं.

दवाखाना आणि वकिलाची खोली यांच्यामध्ये भिंत म्हणून जे होतं ते प्लायवूड होतं. लग्नानंतर घराच्या तळमजल्याचे दोन भाग केले तेव्हा पक्की भिंत नंतर घालू असं ठरलं होतं आणि ते "नंतर" अजून उगवायचं होतं. त्यामुळे तिने उभ्या आयुष्यात जितके दात काढले तितक्याच साक्षी ऐकल्या होत्या. तिकडे नवरा उद्याच्या उलटतपासणीची तालीम करायचा, इकडे तिचं ड्रिल चालायचं. एकजण लोकांना तोंड उघडायला लावतो आणि दुसरी उघडलेल्या तोंडाला गप्प बसवते, असं नातेवाइकांत कौतुकाने म्हटलं जायचं.

जुनियर वकिलांना तो जे शिकवायचा तेही तिला पाठ झालं होतं. ज्याचं उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न विचारायचा नाही. आणि हवं ते उत्तर मिळालं की खाली बसायचं, एक शब्द जास्त नाही. जुनियर बिचारे माना डोलवायचे आणि कोर्टात जाऊन नको तोच प्रश्न विचारून यायचे. त्याचं मात्र कधी चुकलं नव्हतं. भांडण व्हायचं ते जिभेमुळे. एकदा साक्ष चालू असताना न्यायाधीशांना डुलकी लागली, तर हा मध्येच थांबला आणि म्हणाला, "साहेबांची झोप झाली की पुढे सुरू करतो." वर्तमानपत्रात आलं होतं ते. त्याची आई हयात होती तेव्हा तिने ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं.

पक्षाने त्याला घेतलं ते या जिभेसाठी, आणि घेतल्या घेतल्या ती आत ठेवायला सांगितलं. चार वर्षं झाली, कोर्टही सुटल्यातच जमा होतं. पहिल्या वर्षी तो घरी येऊन चिडचिड करायचा. दुसऱ्या वर्षी चिडचिड कमी झाली आणि तो झोपेत दात खायला लागला. तिसऱ्या वर्षी कुणी काहीही विचारलं तरी "पाहू" म्हणायला लागला. लेकीने फोनवर विचारलं, बाबा, मी नोकरी सोडू का, तर लेकीलाही "पाहू". डॉक्टरीणबाईंना त्या दिवशी खरी भीती वाटली. दाढा झिजल्या तर त्यांच्यावर टोपी बसवता येते. माणूसच झिजून सपाट झाला तर त्यावर काय बसवायचं?

आणि आज पलीकडे त्याची आमदारकीची उमेदवारी ठरत होती. म्हणजे ठरलेलीच होती. पक्षाच्या कचेरीत बातमीदार ठाण मांडून बसले होते, म्हणून तिघांची समिती इथे आली होती: गोड आवाजाचे अध्यक्ष, पक्षातल्या सगळ्यांना धाकात ठेवणाऱ्या एक मावशी आणि ज्यांना कुणी कधी बोलताना ऐकलं नव्हतं असे खजिनदार. उमेदवारीला दुसरा दावेदार होता तो ट्रकमालक दादा. आडदांड माणूस, पण भाषणाला उभा राहिला की घाम फुटायचा. तिच्या खुर्चीत तर इंजेक्शन नुसतं बघून त्याला भोवळ आली होती. पण कुणाच्या घरी आजारपण निघालं की सगळ्यांच्या आधी हा दारात हजर, गाडी घेऊन. आता त्याच्यावर आळ आला होता की तो विरोधकांच्या पुढाऱ्याला चोरून भेटतो. पक्षाच्या जीपचा ड्रायव्हर साक्षीदार होता. आळ खरा ठरला की दादा पक्षाबाहेर आणि वकिलाला रान मोकळं. वकिलाने फक्त गप्प बसायचं होतं.

तिने प्लास्टर साच्यात ओतायला घेतलं.

"सांग बाबा, काय पाहिलंस ते," अध्यक्षांचा आवाज आला.

"दादांना पाहिलं," ड्रायव्हर म्हणाला. "त्या पुढाऱ्याच्या बंगल्यात शिरताना. मागच्या दाराने. दोनदा."

"दादा, तुम्हाला काही म्हणायचंय?"

मग घसा खाकरल्याचा आवाज आला. "मी... नाही गेलो," दादा म्हणाला आणि तिथेच अडकला.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग आता आपण निर्णयाकडे वळू या," अध्यक्ष म्हणाले. "वकीलसाहेब, तुमची काही हरकत नाही ना?"

पाहू, असं तो म्हणेल म्हणून डॉक्टरीणबाई वाट बघत राहिल्या. त्याऐवजी खुर्ची करकरली. ती त्याची जुनी खुर्ची होती, तो उठला की एकदा करकरायची आणि बसला की दोनदा. आत्ता एकदाच करकरली.

"एकदोन गोष्टी विचारतो," तो म्हणाला. "तेव्हा जीप तू कुठे लावली होतीस?"

तिचा हात थांबला. हा आवाज तिने चार वर्षांत ऐकला नव्हता. मोठा नव्हताच तो. समोरच्याला बसायला पाट द्यावा इतका अगत्याचा होता.

"बंगल्यासमोर. रस्त्यावर," ड्रायव्हर म्हणाला.

"जीपमधून उतरलास?"

"नाही. अध्यक्षसाहेब शेजारच्या इमारतीत मीटिंगला गेले होते ना. मी बसून होतो."

"आणि मागचं दार कुठल्या बाजूला आहे?"

"मागच्या."

मावशी फस्सकन हसल्या.

"समोर जीपमध्ये बसून मागचं दार दिसतं?"

डॉक्टरीणबाईंनी नकळत वाडगा छातीशी धरला होता. संपलं, ती मनात म्हणाली. आळ पुसला गेला, कुणाशी वैर नाही, अध्यक्षांचीही लाज राहिली. उमेदवारीचं काय ते समितीच्या मतांवर ठरेल, आणि ती अजूनही त्यालाच मिळू शकेल. आता बसायचं. खुर्ची दोनदा करकरण्याची ती वाट पाहू लागली.

खुर्ची करकरली नाही.

"हे सांगायला तुला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"अध्यक्षसाहेबांनी," ड्रायव्हर म्हणाला. सुटल्यासारखं, एका दमात.

यानंतर पलीकडे जे झालं त्याला सभा म्हणता आलं नसतं. अध्यक्षांचा गोड आवाज एकदम नासला. खजिनदार चक्क बोलले, आणि बोलले ते "अरे बापरे" एवढंच. शेवटी सगळ्यांच्या वर मावशींचा आवाज चढला.

"माझं आणि खजिनदारांचं मत दादाला. त्याला बोलता येत नाही हे एका अर्थी बरंच आहे. या वकिलाला उभं केलं तर हा प्रचारात आपलीच उलटतपासणी घेईल!"

मंडळी दवाखान्याच्या बाजूनेच बाहेर पडली. अध्यक्ष तिच्यापाशी थांबले आणि उसनं हसू आणून म्हणाले, "वहिनी, यांची जागा कोर्टातच हो."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," ती म्हणाली, आणि ते इतकं मनापासून होतं की अध्यक्षांनी तिथून काढता पाय घेतला.

सगळ्यात शेवटी दादा आला. दार भरून उभा राहिला.

"वकीलसाहेबांना सांगा..."

"काय सांगू?"

त्याने कपाळावरचा घाम पुसला. "सांगा तुम्हीच काहीतरी," तो म्हणाला आणि खाली मान घालून गेला.

वाडग्यातलं प्लास्टर कधीच दगड झालं होतं. साचाही अर्धवट भरून वाया गेला होता. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. पण तिला वाईट वाटेना. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाहेर नेऊन ठेवावं तसं हलकं वाटत होतं, आणि त्याची थोडी लाजही वाटत होती, कारण शेवटी नवरा हरला होता.

तो प्लायवूडचं दार ढकलून आत आला. जाकीट काढून त्याने रुग्णांच्या खुंटीला अडकवलं.

"ऐकलंस सगळं?"

"मी कुठे ऐकते? भिंत ऐकवते."

"एक प्रश्न जास्त झाला," तो म्हणाला. "चार वर्षं सवय नाही ना. कळलंच नाही कधी तोंडातून निसटला. घालवलं हातचं."

तोंड पाडून तो बोलत होता, पण खांदे पडलेले नव्हते. काल संध्याकाळची गोष्ट तिला आठवली. गाडीचा हॉर्न नीट करून आणतो म्हणून तो रस्त्यापलीकडच्या गॅरेजमध्ये गेला होता, जिथे पक्षाची जीप असते आणि ड्रायव्हर पडीक असतो. बऱ्याच वेळाने परत आला. आज सकाळी गाडी बाहेर काढताना हॉर्न घोगराच वाजला होता.

"बसा," तिने रुग्णाच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "साचा बिघडला. परत माप घ्यावं लागेल. आधी दाढा बघू द्या."

तो मुकाट्याने बसला. तिने दिवा ओढला.

"आ करा."

त्याने आ केला. तिने छोटा आरसा आत घातला, गालाशी कापसाची वळी ठेवली. दाढा पाटावरवंट्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. जीभ मात्र जागेवर होती.

"एक विचारू?" ती म्हणाली.

त्याने घशातून हुंकार दिला.

"उत्तर माहीत नसताना प्रश्न विचारलाय कधी तुम्ही? आयुष्यात एकदा तरी?"

त्याचे डोळे तिच्याकडे वळले. तोंडात आरसा, कापूस, वर तिचा अंगठा. हरकत घ्यायलाही वाव नव्हता. तो क्षणभर छताकडे बघत राहिला आणि मग त्याने अगदी हळू, आरसा हलणार नाही इतपत, नकारार्थी मान हलवली.

तिने आरसा बाहेर काढला, दिवा बाजूला केला आणि स्टुलावर बसली. आणखी काही विचारलं नाही.

जबडा चोळत तो उठून बसला. "माप घेणार होतीस ना?"

"राहू दे," ती म्हणाली. "आता पट्टी लागायची नाही."