भिंतीकडेचे दोन दगड

धाकटीचं नाव निघालं की थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि हल्ली ते दर रविवारी निघायचं. जावा-जावांचं बिनसलं म्हटलं की लोकांना आधी स्वयंपाकघर आठवतं. या दोघींचं बिनसलं होतं दफनभूमीवरून.

थोरलीने दफनभूमीच्या कचेरीत एकतीस वर्षं नोंदी ठेवल्या. कोणत्या थडग्यात कोण, कधी गेलं, कशाने गेलं, सगळं तिला तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर ती रविवारी सकाळी लोकांना जुनी थडगी दाखवू लागली. पाचसहा माणसं यायची, नावं आणि तारखा ऐकायची आणि पुन्हा फिरकायची नाहीत. धाकटी मागून पाण्याची बाटली घेऊन चालायची. मग एका रविवारी थोरलीचा गुडघा धरला आणि धाकटी एकटीच गेली. पुढच्या खेपेला वीस माणसं आली, आणि सगळी विचारत होती, त्या दुसऱ्या ताई कुठे आहेत. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो हाच. तेव्हापासून धाकटी पुढे आणि थोरली मागे.

धाकटीचं हुकमी पान म्हणजे मागच्या भिंतीला टेकवलेले शेवटचे दोन दगड. एक पोस्टमनचा, दुसरा शिवणकाम करणाऱ्या बाईचा. दोघं तीन दिवसांच्या अंतराने गेलेली. धाकटी सांगायची, की हा पोस्टमन रोज तिच्या दारावरून जायचा आणि कोपऱ्यावर थांबून सदऱ्याचं धडधाकट बटण स्वतःच तोडायचा, म्हणजे ते लावून घ्यायला आत जाता यायचं. बाईला ते कळायचं, पण तिने कधी विचारलं नाही. तो गेला आणि तिने सुई खाली ठेवली ती कायमची. इथे बायका पदर डोळ्याला लावायच्या आणि पुरुष उगाच झाडांकडे बघायचे. थोरली मागे उभी राहून जळायची. बटणाचं धादांत खोटं होतं हे तर होतंच, पण ते आपल्याला का सुचलं नाही, याने ती जास्त जळायची.

आणि खोटं ते केवढं! रस्ता रुंद केला तेव्हा रस्त्याकडेचे ऐंशी दगड उपटून भिंतीला लावले होते. प्रत्येकाच्या पाठीवर मूळ जागेचा नंबर रंगवलेला. पोस्टमनचा नऊ, बाईचा दोनशे बारा. एकाचं थडगं फाटकापाशी, दुसरीचं पार टोकाला. पण दगड वाचत हिंडणाऱ्यांची खोडच अशी, की शेजारी दगड दिसला की खाली माणूसही शेजारीच असणार असं धरून चालायचं. धाकटीनेही तेच धरलं. भाजी निवडता निवडता थोरलीला हे सांगता आलं असतं. ती मूग गिळून बसली. कारण नगरपालिका आता या फेरीसाठी एकीचीच नेमणूक करणार होती, आणि त्यासाठी साहेब स्वतः यायचे होते. चारचौघांत तोंडावर पडू दे, मग कळेल, असा तिचा हिशोब होता.

साहेब आले. धाकटीने बटण तोडलं, सुई खाली ठेवली, लोकांनी डोळे पुसले. तेव्हा थोरली पुढे झाली आणि तिने दोघा गड्यांना ते दगड पुढे कलवायला लावले. पाठीवरचे आकडे अजून स्पष्ट होते.

"ही दोघं एकमेकांना ओळखत होती याला काडीचा पुरावा नाही," ती म्हणाली. "शेजारी आली ती रस्त्यामुळे."

धाकटीचा चेहरा उतरला. तो बघून थोरलीला वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

"ताई, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग घरी सांगायचं की मला."

 साहेब तोवर दगडांच्या मागे वाकून आकडे वाचत सुटले होते. बाकीचे सगळे क्रमाने लावलेत, ते म्हणाले, मग हा नऊ नंबर शेवटाला कसा?

एकतीस वर्षांत थोरली नोंदीबद्दल कधी खोटं बोलली नव्हती. "मी ठेवायला लावला."

का, असं साहेबांनी विचारलं.

"दोघांच्या नोंदीत 'सोबत कोणी नाही' असं होतं. म्हटलं, शेजारी ठेवावं." लोक पुढचं ऐकायला थांबले. तेव्हापासून त्या दोघांची गोष्ट तिने मनात कितीदा रचली होती, कोणापाशी एक अक्षर काढलं नव्हतं. आता बोलायची वेळ आली, तर तिने घसा साफ केला आणि दोघांच्या तारखा सांगितल्या.

धाकटीने पोस्टमनच्या दगडावर हात ठेवला. "कचेरीत एक मुलगी नवीनच लागली होती," ती हळूच म्हणाली. मग ती मुलगी त्या दोन नोंदी कशी पुन्हा पुन्हा वाचायची, भर उन्हात मजुरांपुढे कशी आडवी उभी राहिली, हा दगड तिकडे नाही, इकडे, म्हणून कशी हट्टाला पेटली, हे सगळं तिने सांगितलं. तिच्या हातात एक छत्रीसुद्धा दिली. थोरलीने तेव्हा छत्री घेतलीच नव्हती.

लोक वळून वळून थोरलीकडे बघू लागले. साहेबांनी खिशातून पेन काढून धाकटीचं पूर्ण नाव विचारलं. थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.