लंकेला जायच्या आधी

शर्मिलाला मुलगी झाली ते साल दोन हजार तेवीस. बाळ चार महिन्यांचं होतंय न होतंय तोच तिच्या सासूच्या, म्हणजे सुंदराबाई ओव्हाळांच्या पोटातून लिंबाएवढी गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग केमोचे सहा डोस झाले. केस गेले, तोंडाची चव गेली, अंगावरचं मांस गेलं. पण बाई चिवट. पुढच्या पावसाळ्यात तपासणीला गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आजी, सगळं स्वच्छ आहे. आता सहा महिन्यांनी तोंड दाखवा."

सुंदराबाईंचा त्यावर विश्वास बसला होता. तो उडवला त्यांच्या नवऱ्यानं.

पोपटराव ओव्हाळ पुण्याच्या पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. कसब्यापासून शनिवार पेठेपर्यंत कुठल्या गल्लीला किती वाजता आणि किती वेळ पाणी सोडायचं, ते त्यांच्या मनगटात होतं. लोक शिव्या द्यायचे, हे हसून उत्तर द्यायचे, आणि ते उत्तर शिवीपेक्षा जास्त लागायचं. निवृत्त झाले, मंगळवार पेठेतली खोली सोडून मुलाच्या, बुद्धभूषणच्या वाघोलीच्या फ्लॅटमध्ये आले, तरी जीभ काही निवृत्त झाली नाही.

सुंदराबाईंना लंकेला जायचं होतं. हे आजचं नव्हे. लग्न होऊन मंगळवारात आल्या त्या वर्षी विहारात एका भंतेजींनी संघमित्रेची हकीकत सांगितली होती. सम्राट अशोकाची लेक, बोधिवृक्षाची फांदी घेऊन जहाजात बसली आणि समुद्रापलीकडे अनुराधपूरला नेऊन लावली. ते झाड अजून उभं आहे म्हणे. एक बाई झाड सांभाळत समुद्र ओलांडते, ही गोष्ट सुंदराबाईंच्या मनात जी बसली ती बसलीच. दर दोनचार वर्षांनी त्या विषय काढायच्या आणि पोपटरावांचं उत्तर ठरलेलं असायचं.

"पुण्यातले पिंपळ संपले का? भिंतीभिंतीतून उगवलेत. एक उपट आणि ठेव समोर."

आणि ऑक्टोबरात एके दिवशी चहा पिताना हाच माणूस म्हणाला, "विहारातली मंडळी डिसेंबरच्या पौर्णिमेला लंकेला चाललीत. आपली दोन नावं दिली मी."

सुंदराबाईंनी बशी खाली ठेवली. "कुणाची दोन?"

"तुझं आणि माझं. दुसरी बायको केली असती तर तिचं दिलं असतं."

"आणि पुण्यातले पिंपळ?"

"ते बघून झाले," पोपटराव म्हणाले आणि उठून गेले.

तिथेच सुंदराबाईंच्या मनात पाल चुकचुकली. अठ्ठेचाळीस वर्षांत या माणसानं न मागता कधी पेरूसुद्धा आणला नव्हता. आता थेट लंका?

एकदा संशय शिरला की माणूस घरातसुद्धा पाहुण्यासारखा वावरतो, सगळ्यांचे चेहरे बघत. सुंदराबाईंनी तेच सुरू केलं. बुद्धभूषण कंपनीतून आला की आधी चप्पल भिरकावणारा पोरगा, तो आता हळूच आत येऊन विचारायचा, "आई, बरी आहेस ना?" शर्मिला तर बोलायचीच बंद झाली होती. एरवी कुकरच्या शिट्ट्यांवरून सासूसुनांची रोज एक चकमक व्हायची. आता सुंदराबाईंनी मुद्दाम पाच शिट्ट्या होऊ दिल्या, डाळीचा चिखल केला, तरी शर्मिला म्हणाली, "छान झालीय, आई."

छान? सुंदराबाईंनी ती डाळ स्वतः खाल्ली होती.

मग शर्मिलानं पांढरी साडी आणली. कोरी, बारीक निळ्या काठाची. "तिकडे दर्शनाला सगळे पांढरंच नेसतात," ती म्हणाली. बोलताना तिनं साडीकडे बघितलं, सासूकडे नाही. पांढरी साडी विहारात नेसतात हे सुंदराबाईंना सून शिकवणार होती का? पण पांढरं कापड आणखी कुठल्या वेळी आणतात, तेही त्यांना ठाऊक होतं. साडी त्यांनी कपाटात अगदी खाली सारली.

पोपटरावांचं आणखीच वेगळं. ते बायकोला एकेक गोष्ट शिकवायला लागले. मोबाईलवर गॅस कसा नोंदवायचा, लाईट बिल कसं बघायचं. एकदा तर मोरीत नेऊन भिंतीतली चावी दाखवली.

"हा आपला वॉल. वरच्या मजल्याचं काम निघालं की हा आधी बंद करायचा. उजवीकडे. जोर नाही लावायचा."

"मला कशाला सांगताय? तुम्ही आहात की."

"मी झोपलेला असलो तर?"

"तुम्हाला उठवीन."

पोपटराव खोकत खोकत बाहेर गेले. तो खोकला दोन महिने चालू होता. नगर रोडची धूळ, असं ते म्हणायचे, आणि घरातल्या प्रत्येक शब्दावर संशय घेणाऱ्या सुंदराबाईंनी या एका गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. धूळ होतीच ना. रोज सकाळी गॅलरी पुसायच्या त्याच.

नोव्हेंबरात यात्रेवाल्यांनी कळवलं, ज्यांचं मोठं आजारपण झालंय त्यांनी शेवटचा रिपोर्ट जवळ ठेवावा. सुंदराबाईंनी दवाखान्याची पिशवी काढली. साडीच्या दुकानाची जुनी कापडी पिशवी. त्यांच्या आजारपणाचे सगळे कागद तिच्यात. वरच एक नवा कागद होता. तारीख सप्टेंबरची. सप्टेंबरात त्या दवाखान्याची पायरीही चढल्या नव्हत्या.

सुंदराबाईंना मराठी वाचता येत होतं, सावकाश का होईना. कागदाच्या माथ्यावरचं त्यांनी वाचलं. पेन्शनरांच्या औषधोपचाराच्या योजनेचं पत्र, कार्डधारक पोपट महिपती ओव्हाळ. त्यात नवल काही नव्हतं. कार्ड नवऱ्याच्या नावाचं, त्यामुळे वर्षभर त्यांच्या पोटातल्या गाठीच्या प्रत्येक कागदावर त्यांच्या नवऱ्याचंच नाव पहिलं यायचं. नर्ससुद्धा हाक मारायची, "पोपट ओव्हाळ कोण?" आणि लुगड्यातल्या सुंदराबाई उठून उभ्या राहायच्या. सगळे हसायचे. तर नावाखाली डॉक्टरांच्या हातचं इंग्रजी होतं. ते त्यांना येत नव्हतं.

कागद कमरेला खोचून त्या शालनकडे गेल्या. शालन विहारातली मैत्रीण, एका दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका होती. तिनं चष्मा लावला, वाचलं आणि चष्मा काढला.

"हे कुठे मिळालं तुला?"

"माझ्याच पिशवीत. काय लिहिलंय ते सांग."

"फुप्फुसाचं आहे. पुढं गेलेलं. केमोला मंजुरी दिलीय." शालननं पुन्हा कागदाकडे बघितलं. "पण सुंदरा, नाव पोपटरावांचं आहे गं."

"ते सगळ्यांवरच असतं. कार्ड त्यांचं ना." सुंदराबाईंनी पदर सावरला. "म्हणजे पोटातनं वर चढलं म्हणायचं."

शालन काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलंही. मग कागदाची होती तशी घडी घातली आणि म्हणाली, "मी कोण सांगणार? घरी जाऊन विचार. सरळ तोंडावर विचार."

म्हणजे हीसुद्धा सामील, असा अर्थ सुंदराबाईंनी काढला आणि चहा न घेता निघाल्या.

रस्त्यात त्यांना रडू आलं नाही. राग आला. मरणाचा नव्हे, ते एकदा दारापर्यंत येऊन गेलेलं होतं. आपलं मरण घरातल्या सगळ्यांना ठाऊक आणि आपल्याला नाही, याचा राग आला. लहान पोराला दवाखान्यात नेताना बिस्किटाचा पुडा हातात देतात तशी ही लंका आपल्या हातात दिली, असं त्यांना वाटलं. घरी आल्या त्या थेट कपाटापाशी गेल्या. दोन्ही पासपोर्ट काढले, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खोल खुपसले.

दोन दिवसांनी व्हिसाच्या कामाला पासपोर्ट हवे झाले. बुद्धभूषणनं घर उलटंपालटं केलं. गाद्या उचलल्या, पेट्या उपसल्या. शर्मिला माळ्यावर चढली. सुंदराबाई नातीला भरवत शांत बसून होत्या. पोपटरावांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मुलाला म्हणाले, "अरे, बास. तू, शर्मिला आणि बाळ जरा खाली फिरून या."

दार लागलं. पोपटराव समोर खुर्ची ओढून बसले.

"कुठे ठेवलेत?"

"आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. माझे किती दिवस राहिलेत?"

"तुझे? तुझी टाकी अजून काठोकाठ भरलेली दिसतेय."

"थट्टा नकोय. कागद सापडलाय मला. शालननं वाचून दाखवला. फुप्फुसात गेलंय माझ्या, आणि तुम्ही सगळे मिळून मला गुपचूप फिरवून आणताय."

  पोपटरावांनी खुर्ची आणखी जवळ ओढली.

"त्यावरचं नाव वाचलंस?"

"वाचलं की. तुमचं. सगळ्यांवर तुमचंच असतं."

"सगळ्यांवर असतं. या कागदावर ते खरं आहे."

खालून डंपर गेला. खिडकीची काच हलली. सुंदराबाईंना कळायला तेवढा वेळ लागला. मग एकेक आठवायला लागलं. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबणारा नवरा, सैल झालेला सदरा, मोरीतली ती चावी. मरणाऱ्या बाईला घर चालवायला कोण शिकवतो? इतका संशय घेतला, सुनेच्या साडीवर घेतला, डाळीच्या कौतुकावर घेतला, आणि समोर बसलेल्या माणसाच्या खोकल्याला धूळ समजून आपण गॅलरी पुसत राहिलो.

"कुणाकुणाला माहिती आहे?"

"सगळ्यांना. तुझ्याशिवाय."

"शर्मिलाला पण?"

"ती बिचारी रोज तुझ्यासमोर रडू आवरून वावरतेय. कुकरच्या पाच शिट्ट्या गिळल्या तिनं."

"आणि औषध? मंजुरी सप्टेंबरात आलीय. हा नोव्हेंबर चाललाय."

"जानेवारीत घेईन म्हटलं."

"का?"

"तुझ्या वेळी बघितलं ना मी. पहिल्या डोसनंतर तुला मोरीपर्यंत धरून न्यायला लागायचं. मला कोण लंकेत धरून नेणार?"

"मग नका जाऊ! मी पुढच्या वर्षी जाईन."

"कोणाबरोबर?"

सुंदराबाई उठल्या. "पासपोर्ट मिळणार नाहीत. उद्या दवाखान्यात चला."

"डॉक्टरांना विचारून झालंय. सगळं केलं तरी काही महिने, म्हणाले. माझे महिने आहेत. कुठे घालवायचे ते मला ठरवू दे ना. नोकरीत कधी सुट्टी मागितली का मी?"

सुंदराबाईंचा आता त्यांच्यावरही विश्वास उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी बाजारात जाते म्हणून त्या बुद्धभूषणला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेल्या. नवऱ्यानं सांगितलं ते खरं होतं का, एवढंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, उशीर चांगला नाही, पण आजारच असा आहे की लगेच सुरू केलं असतं तरी वर्षाची खात्री देता आली नसती. विमानात बसायला सध्या हरकत नाही.

"सध्या म्हणजे कधीपर्यंत?" सुंदराबाईंनी विचारलं.

"हा महिना, पुढचा महिना. त्यापुढचं मी सांगू शकत नाही."

त्या बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. बुद्धभूषण शेजारी उभा होता. हे लपवलं म्हणून त्याला काय बोलायचं ते त्यांनी सकाळपासून जुळवून ठेवलं होतं. पण पोराच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "परत आल्यावर दुसऱ्याच दिवसाची वेळ घे. आत्ता. माझ्यासमोर कागदावर लिहून घे."

घरी येऊन त्यांनी परातीत पीठ ओतलं. पासपोर्ट झटकून नवऱ्यापुढे ठेवले.

"लंकेला भाकरी थापायच्यात वाटतं," पोपटराव म्हणाले.

"गप्प बसा," सुंदराबाई म्हणाल्या, आणि तेव्हा मात्र त्यांना रडू फुटलं.

चौदा डिसेंबरला ते दोघं अनुराधपूरला पोचले. दगडी फरशी, अनवाणी पाय, जिकडेतिकडे पांढरे कपडे आणि हातात कमळं. सोनेरी कठडा होता, वर जुन्या झाडाच्या फांद्या टेकूंवर टेकलेल्या. इतकी वर्षं मनात वाढवलेलं झाड समोर होतं आणि सुंदराबाई नवऱ्याच्या छातीकडे बघत होत्या. पायऱ्या चढताना श्वास किती वेळा थांबला ते मोजत होत्या. विहारातल्या बायका त्यांना म्हणत होत्या, अगं वर बघ, वर बघ.

"हेच का ते?" पोपटराव म्हणाले. "आपल्या मंगळवारातला यापेक्षा दांडगा आहे."

पण हात जोडले ते त्यांनी सोडलेच नाहीत. सगळी मंडळी पुढे सरकली तरी ते तसेच उभे. सुंदराबाईंना पुन्हा शंका आली.

"काय मागितलंत?"

"इथे मागायचं नसतं. एवढंही ठाऊक नाही, आणि इतकी वर्षं डोकं खाल्लंस माझं."

तेव्हा कुठे सुंदराबाईंनी मान वर केली. उन्हात पानं हलत होती. चांगली हिरवीगार होती. नवऱ्याच्या दंडाला धरून त्यांनी ती पोटभर बघितली, आणि शर्मिलानं आणलेल्या साडीच्या पदरानं आधी त्यांचा घाम पुसला, मग स्वतःचे डोळे.

परतल्यावर ठरल्या दिवशी दवाखाना सुरू झाला. चार डोस झाले, पाचवा झेपला नाही. मार्चमध्ये सुंदराबाईंचीही तपासणी झाली. त्यांच्यात काही निघालं नाही. पोपट महिपती ओव्हाळ, वय त्र्याहत्तर, शनिवारी, चौदा जून दोन हजार पंचवीस रोजी सकाळी वाघोलीच्या राहत्या घरी वारले.